रासायनिक बंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतले आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक व शिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ऊर्जेचे सगळे आकडे एका मोलसाठी आणि किलोज्यूलमध्ये आहेत. अंतरे पिकोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या एक लाख कोटीव्या भागात आहेत. बंध ऊर्जा बहुधा सरासरी असतात, त्यामुळे पुस्तकापरत्वे चार-पाच किलोज्यूलचा फरक दिसला तर गोंधळू नये.

१. अणू एकमेकांना जोडले का जातात? सुटे राहायला काय हरकत आहे?

जोडल्यावर त्यांची एकूण ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा कमी होते, म्हणून. हायड्रोजनचे दोन अणू जवळ येऊ लागले की प्रत्येकाचे अणुकेंद्रक दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनलाही ओढते आणि ऊर्जा उतरू लागते. केंद्रकांमधले अंतर ७४ पिकोमीटर झाले की ती सर्वांत खाली असते. त्याहून जवळ आणले तर दोन केंद्रकांचे प्रतिकर्षण वरचढ ठरते आणि ऊर्जा झपाट्याने चढते. हे ७४ पिकोमीटर म्हणजेच हायड्रोजनच्या रेणूची बंधलांबी. तेथवर येताना ४३६ किलोज्यूल बाहेर पडतात. बंध तोडायचा तर तेवढेच परत द्यावे लागतात.

हेलिअमच्या दोन अणूंना हा फायदा मिळत नाही. त्यांच्या चार इलेक्ट्रॉनांपैकी दोन बंध घट्ट करणाऱ्या कक्षकात (इलेक्ट्रॉन राहू शकतो त्या जागेत) बसतात आणि उरलेल्या दोघांना बंध सैल करणाऱ्या कक्षकात जावे लागते. जे मिळाले ते तेथे खर्च होते. म्हणून हेलिअम हा सुट्या अणूंचाच वायू आहे.

२. पण अष्टक पूर्ण करायला अणू बंध तयार करतात असं शिकवलं होतं. ते चूक आहे का?

चूक नाही, अपुरे आहे. १९१६ साली अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या सामायिक जोडीची आणि जर्मनीत वाल्थर कोसेल यांनी इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीची कल्पना मांडली. दोघांनाही हेच दिसले होते की स्थिर संयुगांत बाह्यतम कवचात बहुधा आठ इलेक्ट्रॉन असतात. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन, सोडिअम, मॅग्नेशिअम यांच्यासाठी हा नियम उत्तम चालतो. पण तो स्थिर रचना ओळखण्याची खूण आहे; त्या स्थिरतेचे कारण ऊर्जेत आहे. 'अणूला आठ इलेक्ट्रॉन हवे असतात' हे वाक्य उत्तरपत्रिकेत चालून जाते, पण तेवढ्यावरच विसंबले की प्रश्न ४ आणि प्रश्न २१ यांसारख्या ठिकाणी अडायला होते.

३. आयनिक, सहसंयुज आणि धातू बंध यांतला फरक थोडक्यात सांगाल का?

इलेक्ट्रॉन कुठे आहेत ते पाहावे. एका अणूकडून दुसऱ्याकडे गेले आणि विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना धरून राहिले, तर आयनिक बंध. दोन अणूंच्या मध्ये जोडीने सामायिक राहिले, तर सहसंयुज बंध. असंख्य अणूंमध्ये मिळून मोकळे फिरत राहिले, तर धातू बंध. तिन्हींच्या मुळाशी धन केंद्रक आणि ऋण इलेक्ट्रॉन यांचे विद्युत आकर्षणच आहे, म्हणून त्यांच्यामधल्या सीमा पुसट असतात. बहुतेक खऱ्या संयुगांचे बंध कुठेतरी मध्येच पडतात.

४. सोडिअम इलेक्ट्रॉन सहज देतो आणि क्लोरीन आनंदाने घेतो, म्हणून मीठ तयार होतं. बरोबर ना?

हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे, म्हणून त्याचा पूर्ण हिशेब मांडतो.

घन सोडिअमचे सुटे वायुरूप अणू करायला १०८ किलोज्यूल लागतात. त्या अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६. क्लोरीनचा रेणू तोडून एक मोल अणू मिळवायला १२१. येथवर ७२५ किलोज्यूल खर्च झाले. क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतला की परत मिळतात फक्त ३४९. म्हणजे देवाणघेवाण पूर्ण झाल्यावरही ३७६ किलोज्यूलची तूट आहे! देणे सहज नाही, आणि घेण्यातला फायदा देण्याचा खर्च भरून काढत नाही.

तूट भरून निघते ती शेवटच्या पायरीत. सुटे आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ही जालक ऊर्जा. ३७६ मधून ७८७ वजा केले की उणे ४११ उरतात, आणि मिठाच्या निर्मितीची प्रयोगशाळेत मोजलेली ऊर्जा तीच आहे. आयनिक संयुग टिकते ते स्फटिकामुळे. फक्त इलेक्ट्रॉनच्या बदलीची आकृती काढून थांबलेले उत्तर म्हणूनच अर्धे असते.

५. मग सोडिअम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? मॅग्नेशिअम तर देतो.

सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातला आहे. तो काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात आणि एवढी भरपाई कोणताही स्फटिक देऊ शकत नाही. मॅग्नेशिअमचे पहिले दोन ७३८ आणि १४५१ मध्ये निघतात, तिसऱ्याला मात्र ७७३३ लागतात. तेथेच त्याची संयुजा २ वर थांबते.

ऑक्सिजनची बाजूही पाहण्यासारखी आहे. पहिला इलेक्ट्रॉन घेताना तो १४१ किलोज्यूल सोडतो, पण दुसरा घ्यायला ७०० हून अधिक किलोज्यूल द्यावे लागतात, कारण ऋण आयन दुसऱ्या इलेक्ट्रॉनला ढकलतो. दोन ऋण प्रभारांचा ऑक्साइड आयन एकटा टिकतच नाही. तो स्फटिकातच टिकतो, कारण मॅग्नेशिअम ऑक्साइडची जालक ऊर्जा ३८०० च्या घरात आहे. त्याचा द्रवणांक २८५० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, मिठाचा ८०१. भट्ट्यांच्या अस्तराच्या विटा मॅग्नेशिअम ऑक्साइडच्या करतात त्या याच कारणाने.

६. 'मिठाचा एक रेणू' असं लिहिलं तर गुण का कापतात?

मिठाच्या खड्यात रेणू नसतात. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, सगळे २८२ पिकोमीटरवर. यांतला नेमका कोणता क्लोराइड 'त्याचा', हे सांगताच येत नाही. सूत्र फक्त १:१ हे प्रमाण दाखवते, म्हणून 'सूत्र एकक' म्हणावे आणि रेणुवस्तुमानाऐवजी सूत्रवस्तुमान.

अपवाद: मीठ वितळवून त्याची वाफ केली तर वाफेत खरोखरच सोडिअम आणि क्लोरीनच्या जोड्या सापडतात आणि त्यांतले अंतर २३६ पिकोमीटर असते. वाफेपुरता 'रेणू' हा शब्द बरोबर आहे.

७. खडेमीठ ठोकलं की फुटतं, पण तांबं ठोकलं तर पसरतं. दोन्ही स्फटिकच आहेत ना?

दोन्ही स्फटिकच. मिठाचा एक थर अणूभर सरकला की सोडिअमसमोर सोडिअम आणि क्लोराइडसमोर क्लोराइड येतो. कालपर्यंतचे आकर्षण क्षणात प्रतिकर्षण होते आणि खडा सपाट पृष्ठांवर दुभंगतो. उरण किंवा पेणच्या मिठागरातला मोठा खडा भिंगाखाली पाहिला तर त्याच्या काटकोनी कडा दिसतात. तुटतानाही तो त्याच दिशांनी तुटतो.

तांब्यात थर सरकले तरी धन आयनांभोवती फिरणारे इलेक्ट्रॉन तेच राहतात, म्हणून बंध तुटत नाही. वर्धनीयता, तन्यता, विद्युतवहन हे सगळे त्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे परिणाम आहेत. मात्र 'धातू बंध म्हणजे मजबूत बंध' असे समजू नये. पारा उणे ३९ अंशांवर वितळतो, सोडिअम ९८ वर आणि टंगस्टन ३४२२ वर.

८. बंध आयनिक आहे की सहसंयुज हे ओळखायचं कसं? विद्युतऋणतेतला फरक १.७ हून जास्त असला की आयनिक, हे पुरेसं आहे का?

सुरुवातीला पुरेसे, शेवटी नाही. (विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद.) १.७ हा आकडा लायनस पॉलिंग यांच्या सूत्रातून येतो. तेवढ्या फरकाला बंधाचे आयनिक स्वरूप साधारण ५० टक्के ठरते. निसर्गात तेथे भिंत नाही.

नियम फसतो ती उदाहरणे पाठच असावीत. हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये फरक १.७८ आहे, तरी ते सहसंयुज आहे आणि १९.५ अंशांवर उकळते. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये फरक १.९४, आणि तो चक्क वायू आहे. उलट सोडिअम हायड्राइडमध्ये फरक केवळ १.२७ असूनही ते आयनिक घन आहे.

म्हणून या क्रमाने पाहावे. आधी मूलद्रव्ये: धातू आणि अधातू असतील तर आयनिक गृहीत धरा, दोन्ही अधातू असतील तर सहसंयुज. मग फरक काढा. मग गुणधर्मांशी ताडून पाहा: द्रवणांक जास्त आहे का, वितळल्यावर वीज वाहते का. तिन्ही एकाच बाजूला असतील तर उत्तर पक्के. धातूचा आयन लहान आणि जास्त प्रभाराचा असेल तर प्रश्न ९ वाचल्याशिवाय निर्णय देऊ नये.

९. ॲल्युमिनिअम धातू आहे, तरी ॲल्युमिनिअम क्लोराइडला सहसंयुज का म्हणतात?

तीन धन प्रभारांचा ॲल्युमिनिअम आयन अतिशय लहान असतो. तो शेजारच्या ऋण आयनाचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचून त्याचा आकार विकृत करतो. ऋण आयन जितका मोठा, तितका तो सहज विकृत होतो आणि इलेक्ट्रॉन पुन्हा सामायिक झाल्यासारखे होतात. काझिमिर्झ फायान्स यांनी १९२३ साली हे नियम मांडले: धन आयन लहान, ऋण आयन मोठा, प्रभार जास्त, तर सहसंयुज स्वरूप जास्त.

फ्लुओराइडची त्रिज्या सुमारे १३३ पिकोमीटर, क्लोराइडची १८१. परिणाम असा की ॲल्युमिनिअम फ्लुओराइड १२०० अंशांच्या वर संप्लवते (घनातून थेट वायू होते), तर निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइड १८० च्या आसपासच, आणि त्याच्या वाफेत दोन-दोन ॲल्युमिनिअमचे रेणू असतात. कथिलाचेही तसेच. त्याचे दोन क्लोरीनचे क्लोराइड २४७ अंशांवर वितळणारा घन आहे. चार क्लोरीनचे साध्या तापमानाला द्रव असते आणि ११४ वर उकळते. 'धातू म्हणजे आयनिक संयुग' हे समीकरण येथे साफ मोडते.

१०. बंध ध्रुवीय असेल तर रेणूही ध्रुवीय असतो का?

नाही, आकारही पाहावा लागतो. (ध्रुवीय म्हणजे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असलेला.) कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही बंध ध्रुवीय आहेत, पण रेणू सरळ रेषेत असल्याने दोन ओढी एकमेकींना रद्द करतात. पाण्याचा रेणू १०४.५ अंशांत वाकलेला आहे, म्हणून ओढी रद्द होत नाहीत आणि १.८५ डिबाय एवढे द्विध्रुव आघूर्ण (ध्रुवीयतेचे माप) उरते.

फसवा अपवाद नायट्रोजन ट्रायफ्लुओराइडचा. फ्लुओरीन आहे म्हणून ते अमोनियापेक्षा जास्त ध्रुवीय असेल असे वाटते. प्रत्यक्षात अमोनियाचे आघूर्ण १.४७ डिबाय आणि याचे ०.२३. अमोनियात बंधांची ओढ आणि नायट्रोजनवरील एकाकी जोडी (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी) एकाच दिशेला आहेत, ट्रायफ्लुओराइडमध्ये परस्परविरुद्ध.

११. दुहेरी बंध एकेरीच्या दुप्पट मजबूत असतो का?

कार्बनमध्ये दुपटीपेक्षा कमी: एकेरी ३४७, दुहेरी ६१४, तिहेरी ८३९. पहिला सिग्मा बंध दोन केंद्रकांच्या रेषेवरच असतो. दुसरा पाय बंध त्या रेषेच्या वर-खाली कुशीने जुळतो, म्हणून दुबळा असतो. लांबी मात्र घटत जाते: १५४, १३४, १२० पिकोमीटर.

नायट्रोजनमध्ये चित्र उलटे आहे. एकेरी बंध १६० च्या आसपास आणि तिहेरी ९४५, म्हणजे पाचपटीहून जास्त. एकेरी बंधात शेजारच्या एकाकी जोड्या एकमेकींना ढकलतात आणि त्याला कमकुवत करतात. याच कारणाने फ्लुओरीनचा बंधही जेमतेम १५८ आहे. हवेतला नायट्रोजन सहजी अभिक्रिया करत नाही आणि खतांच्या कारखान्यांत त्याला इतका दाब व तापमान द्यावे लागते, ते या ९४५ मुळे.

१२. बंध तुटतो तेव्हा ऊर्जा बाहेर पडते ना? गॅस जळतो तो त्यामुळेच?

नाही. बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते. बाहेर पडते ती नवा बंध जुळताना. पाइपने येणारा स्वयंपाकाचा गॅस किंवा गोबर गॅस यांत मुख्यतः मिथेन असतो. त्याचा हिशेब:

तोडण्यासाठी: कार्बन-हायड्रोजनचे चार बंध, प्रत्येकी ४१३, म्हणजे १६५२, ऑक्सिजनचे दोन रेणू, प्रत्येकी ४९८, म्हणजे ९९६. एकूण २६४८.

जुळताना: कार्बन डायऑक्साइडमधले दोन बंध, प्रत्येकी ७९९, म्हणजे १५९८, पाण्याचे चार बंध, प्रत्येकी ४६३, म्हणजे १८५२. एकूण ३४५०.

फरक ८०२ किलोज्यूल, तीच आच. शेगडीला सुरुवातीची ठिणगी लागते ती पहिल्या काही बंधांसाठी. 'एटीपीच्या बंधात ऊर्जा साठवलेली असते' हे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूविषयीचे जीवशास्त्रातले वाक्यही याच हिशेबाने वाचावे: तेथेही ऊर्जा मिळते ती नंतर बनणाऱ्या बंधांतून आणि पाण्याशी होणाऱ्या आकर्षणातून.

१३. लुईस ठिपका रचना काढताना दर वेळी कुठेतरी चुकतं. पक्की पद्धत आहे का?

आहे. नायट्रेट आयन घेऊ.

पहिली पायरी, संयुजा इलेक्ट्रॉन (बाह्यतम कवचातले) मोजा: नायट्रोजनचे ५, तीन ऑक्सिजनचे १८, आणि एक ऋण प्रभार म्हणून १. एकूण २४. दुसरी, कमी विद्युतऋण अणू मध्ये ठेवा (हायड्रोजन कधीच मध्ये येत नाही) आणि एकेरी बंध काढा. ६ इलेक्ट्रॉन गेले, १८ उरले. तिसरी, उरलेले आधी बाहेरच्या अणूंवर द्या: तिन्ही ऑक्सिजनवर सहा-सहा. चौथी, मध्यावर पाहा. नायट्रोजनपाशी सहाच आहेत, म्हणून एका ऑक्सिजनची एकाकी जोडी आत वळवून दुहेरी बंध करा. पाचवी, औपचारिक प्रभार तपासा: संयुजा इलेक्ट्रॉन उणे एकाकी इलेक्ट्रॉन उणे बंधांची संख्या. नायट्रोजन +१, एकेरी बंधाचे दोन ऑक्सिजन प्रत्येकी −१, दुहेरीचा शून्य. बेरीज −१, आयनाच्या प्रभाराएवढी. जुळली नाही तर मोजणीत चूक आहे.

नेहमीच्या चुका दोन. आयनाचा प्रभार मोजायचा राहतो. ऋण प्रभाराला इलेक्ट्रॉन वाढवायचे असतात, धन प्रभाराला कमी करायचे. दुसरी, नायट्रोजनला पाच बंध दिले जातात. दुसऱ्या आवर्तातल्या अणूभोवती आठाहून जास्त इलेक्ट्रॉन काढायचेच नाहीत.

१४. मग नायट्रेटमधला दुहेरी बंध तीन ऑक्सिजनमध्ये फिरत राहतो का?

फिरत नाही. तिन्ही बंध सर्वकाळ सारखेच असतात, सुमारे १२४ पिकोमीटरचे. आपण काढतो त्या तीन आकृत्यांपैकी एकही आकृती म्हणजे खरा आयन नव्हे. खरी रचना एकच असते आणि ती कागदावर दाखवायला तीन आकृत्या लागतात. याला संस्पंदन म्हणतात. बेंझिनमध्ये सहाही कार्बन-कार्बन बंध १३९ पिकोमीटरचे आहेत, एकेरी १५४ आणि दुहेरी १३४ यांच्या मधले. ओझोनचे दोन्ही बंध १२८ चे. या आकृत्यांमध्ये काढायच्या दोन टोकांच्या बाणाऐवजी समतोलाचे दोन उलटसुलट बाण काढले तर अर्थच बदलतो, आणि परीक्षक ते बरोबर हेरतात.

१५. समन्वय बंध तयार झाल्यावर तो साध्या सहसंयुज बंधापेक्षा वेगळा ओळखता येतो का?

अमोनिअम आयनात येत नाही. अमोनियाचा नायट्रोजन आपली एकाकी जोडी हायड्रोजन आयनाला देतो, पण तयार झालेले चारही बंध लांबीने आणि ऊर्जेने एकसारखे असतात. बाण दाखवायचा तो फक्त जोडी कुठून आली ते सांगायला.

नवसागर, म्हणजे अमोनिअम क्लोराइड, हे याचे उत्तम उदाहरण: आयनाच्या आत सहसंयुज व समन्वय बंध, आणि अमोनिअम व क्लोराइड यांच्यात आयनिक. कल्हई करताना तापलेल्या पितळी भांड्यावर नवसागर टाकतात तेव्हा त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढते आणि कथील धातूला नीट धरते. थर राहिला तर कथिलाचे थेंब होऊन ते घरंगळते.

१६. हायड्रोजन बंध हा खरा बंध आहे का?

आहे, पण वेगळ्या प्रतीचा: एका रेणूतल्या हायड्रोजनला दुसऱ्या रेणूतला ऑक्सिजनसारखा अणू ओढतो, ते हे आकर्षण. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ४६३ किलोज्यूलचा. दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध साधारण २० चा. पाणी उकळते तेव्हा हे २० वाले तुटतात, ४६३ वाले नाही. वाफ हे पाणीच राहते ते त्यामुळे.

परिणाम मात्र मोठे आहेत. हायड्रोजन सल्फाइड जड असूनही उणे ६० अंशांवर उकळते, पाणी १०० वर. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून ऐसपैस बसतो, त्यामुळे त्याची घनता ०.९१७ होते आणि तो तरंगतो. सुती कापडाला पाणी शिंपडून इस्त्री केली की सुरकुत्या जातात, कारण पाणी सेल्युलोजच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सोडवते आणि ते नव्या जागी जुळतात.

हायड्रोजन बंधाची आज मान्य असलेली आंतरराष्ट्रीय व्याख्या २०११ सालची. ती ठरवणाऱ्या गटाचे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन यांच्या पुढाकाराने झाले. 'फक्त नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन' ही शालेय मर्यादा तीत नाही, पण बारावीपर्यंत ती पाळावी.

१७. सहसंयुज पदार्थ कमी तापमानाला वितळतात, मग हिरा आणि वाळू का वितळत नाहीत?

मेण वितळते तेव्हा रेणूंमधली दुबळी आकर्षणे सुटतात, सहसंयुज बंध तसेच राहतात. हिऱ्यात आणि वाळूतल्या सिलिकात सुटे रेणूच नाहीत. सगळा खडा सहसंयुज बंधांनी विणलेला आहे. वितळवायचे तर तेच बंध तोडावे लागतात, म्हणून सिलिकाला १७०० अंशांच्या वर जावे लागते. कार्बन डायऑक्साइड मात्र सुट्या रेणूंचा, म्हणून उणे ७८.५ अंशांवरच घनातून थेट वायू होतो.

ग्राफाइटमध्ये दोन्ही प्रकार आहेत. थरातले कार्बन १४२ पिकोमीटरवर घट्ट, दोन थरांत ३३५ चे अंतर. थर सरकतात म्हणून पेन्सिल कागदावर उमटते आणि थरातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे वीज वाहते.

१८. मीठ पाण्यात विरघळणं हा भौतिक बदल की रासायनिक? आयनिक बंध तर तुटतात ना?

स्फटिकातले आयन वेगळे होतात हे खरे. पण त्याच वेळी प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात आणि ७८७ किलोज्यूलचा खर्च जवळजवळ पूर्ण भरून काढतात. एकूण फक्त ४ च्या आसपास उष्णता शोषली जाते. पाणी आटवले की तेच मीठ मिळते, म्हणून शालेय वर्गीकरणात हा भौतिक बदल. बंधांच्या नजरेने पाहिले तर उत्तर मधले आहे, आणि तसे लिहिणे चूक नाही.

१९. घरी प्रयोग करून आयनिक आणि सहसंयुज पदार्थ ओळखता येतील का?

येतील. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रोधक, तारा आणि दोन्ही टोकांनी तासलेल्या दोन पेन्सिली घ्या. सगळे एकसरीत जोडा. दोन पेन्सिलींची शिसे पाण्यात बुडवायची, एकमेकांना टेकू द्यायची नाहीत. घरातल्या प्लगची वीज यासाठी कधीही वापरू नये.

आधी १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी तपासा. दिवा लागता कामा नये. मग चहाचा एक चमचा मीठ घालून ढवळा, दिवा लागेल. पेन्सिली धुऊन ताज्या पाण्यात तेवढीच साखर घाला, लागणार नाही. कोरड्या मिठातही लागणार नाही, कारण आयन जागचे हलू शकत नाहीत. मिठाच्या पाण्यात धन टोकाशी थोडा क्लोरीन तयार होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि १०-१५ सेकंदांत जोडणी काढा.

दिवा कधीच लागत नसेल तर एलईडी उलटा जोडला आहे. साखरेतही मंद लागत असेल तर पाणी नळाचे किंवा बोअरचे आहे, त्यात क्षार असतात.

लिंबाच्या रसात दिवा लागतो आणि येथे बरेच जण फसतात. सायट्रिक आम्ल सहसंयुजच आहे, पण पाण्यात त्याचे काही रेणू आयन देतात. द्रावण वीज वाहते एवढ्यावरून मूळ पदार्थ आयनिक ठरत नाही. वितळलेला शुद्ध पदार्थ वाहतो का, ही खरी कसोटी.

२०. मोरचूद तापवलं की पांढरं का होतं? त्यातलं पाणी कोणत्या बंधाने धरलेलं असतं?

दोन वेगवेगळ्या बंधांनी. मोरचुदात एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात. चार रेणू तांब्याच्या आयनाला समन्वय बंधाने जोडलेले; निळा रंग याच रचनेचा. पाचवा हायड्रोजन बंधांनी सल्फेटशी आणि इतर पाण्याशी बांधलेला. तापवल्यावर चार रेणू ११० अंशांपर्यंत निघतात, शेवटचा २०० च्या आसपास. निर्जल पांढऱ्या पुडीवर थेंबभर पाणी टाकले की रंग परत येतो.

द्राक्षबागेसाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) करणाऱ्यांनी मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढते, आणि मिश्रणातले तांबे भांड्यावर जाऊन बसते.

२१. अष्टकाचे अपवाद कोणते लक्षात ठेवायचे?

तीन गट. कमी इलेक्ट्रॉन: बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती ६. विषम संख्या: नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण ११ संयुजा इलेक्ट्रॉन, एक एकटा राहणारच. जास्त इलेक्ट्रॉन: फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये १० आणि सल्फर हेक्साफ्लुओराइडमध्ये १२, हे तिसऱ्या आवर्तापासून पुढे. त्याचे जुने स्पष्टीकरण 'रिकामे डी कक्षक' असे आहे. परीक्षेत ते अजून मागितले जाते, पण नंतरच्या गणनांत डी कक्षकांचा वाटा फार थोडा आढळला.

फॉस्फरस पेंटाक्लोराइड घन झाले की वेगळेच रूप घेते: त्यात चार क्लोरीनचे धन आयन आणि सहा क्लोरीनचे ऋण आयन असतात. वायूत सहसंयुज, स्फटिकात आयनिक.

२२. ऑक्सिजनच्या ठिपका रचनेत सगळे इलेक्ट्रॉन जोडीत आहेत, तरी द्रव ऑक्सिजन चुंबकाला कसा चिकटतो?

कारण त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात आणि ठिपका रचना ते दाखवू शकत नाही. रेण्वीय कक्षक सिद्धांतात शेवटचे दोन इलेक्ट्रॉन सारख्या ऊर्जेच्या दोन कक्षकांत एकेक बसतात. बंधांची संख्या तरीही २ येते, म्हणजे दुहेरी बंध खरा, जोड्यांचे चित्र खोटे. ठिपका रचना सोडून देण्याचे कारण नाही, पण चुंबकत्व विचारले तर तिच्यावरून उत्तर देऊ नये.

२३. राजवायू बंध तयार करत नाहीत ना?

१९६२ पर्यंत तसेच मानत. व्हँकूवरमध्ये काम करताना नील बार्टलेट यांच्या लक्षात आले की प्लॅटिनम हेक्साफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढून घेते, आणि झेनॉनमधून तो काढायला जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, ११७० किलोज्यूलच्या आसपास. त्यांनी दोन्ही वायू एकत्र केले आणि घन पदार्थ तयार झाला. त्यानंतर झेनॉनची दोन, चार आणि सहा फ्लुओरीनची संयुगे मिळाली. हेलिअम आणि निऑन यांचे इलेक्ट्रॉन फार घट्ट धरलेले असतात, म्हणून त्यांची अशी संयुगे साध्या परिस्थितीत नाहीत.

२४. मर्क्युरस क्लोराइडच्या सूत्रात पारा आणि क्लोरीन दोन-दोन का लिहितात? १:१ लिहून चालणार नाही का?

नाही. तेथे पाऱ्याचे दोन अणू आपसात सहसंयुज बंधाने जोडलेले आहेत, सुमारे २५० पिकोमीटरवर, आणि त्या जोडीवर मिळून दोन धन प्रभार आहेत. पाऱ्याचा एकटा +१ आयन असता तर एक इलेक्ट्रॉन विनाजोडी राहिला असता आणि संयुग चुंबकाकडे ओढले गेले असते. तसे ते ओढले जात नाही. सूत्र लहान करताना आधी आयन खरोखर कोणता आहे ते पाहावे. सोडिअम पेरॉक्साइडमध्येही दोन ऑक्सिजनची जोडी याच कारणाने फोडायची नसते.